सगळा गोतावळा घेऊन क्रूझवर गेलात? किस्से टाका

आळशी मांजर
काल भाच्याने घरच्या ग्रूपवर एका अवाढव्य जहाजाचा फोटो टाकला आणि खाली नुसतं "परत?" एवढंच लिहिलं. दोन मिनिटांत तिघे ऑफलाइन. त्यावरून सगळं आठवलं.
आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे निघालो होतो, बार्सिलोनाहून. मला वाटलं होतं, एका जहाजावर असलो की एकत्रच असणार. कसलं काय! तीनशे मीटरच्या वर लांबी, पंधरा-सोळा मजले, लिफ्टसमोर ही गर्दी. फोन सगळ्यांचे एअरप्लेन मोडवर, कारण समुद्रात जहाजाचं नेटवर्क पकडलं की रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. सासरे नाश्ता करून जे गेले ते थेट रात्रीच्या जेवणाला उगवले. कुठे होतात, तर "इथेच की, जहाजावर." पुढे बोलणार काय!
मग नणंदेने फतवा काढला. दिवसभर कुणी कुठेही उंडारा, कुणाला विचारू नका, रात्री जेवायला मात्र सगळे एका टेबलावर. तिथून खरी मजा सुरू झाली.
तुमचं कसं झालं? खोल्या, रुसवे, उलट्या, काहीही चालेल.

चष्मेवाली
उलट्या म्हणालात, आलेच. आमच्या धाकट्या जावेला नजारा हवा, म्हणून सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची, बाल्कनीची खोली. पहिल्याच रात्री समुद्र खवळला. वर आणि टोकाला सर्वांत जास्त हलतं, मधोमध आणि खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी. पाण्याखाली बाजूंना स्टॅबिलायझरचे पंख असतात, पण ते डावं-उजवं डोलणं कमी करतात, नाक वर-खाली होतं त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. सासूबाई खाली मधल्या, बिनखिडकीच्या, सगळ्यात स्वस्त खोलीत मस्त घोरत होत्या. सकाळी जावेची अवस्था बघून एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त हसल्या. ते जास्त लागलं तिला.
आणि गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. कुठली ते डॉक्टरांना विचारून.

निवांत
बिनखिडकीच्या खोलीला माझंही मत. एकच अडचण, उजाडलेलं कळत नाही. आमचे चिरंजीव भर दुपारी "गुड मॉर्निंग" करत आले. आमच्या जहाजात टीव्हीवर एक चॅनेल होता, पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र सतत चालू. आवाज बंद करून तो लावून ठेवायचा. झाली खिडकी.

टिवल्याबावल्या
शेवटच्या रात्रीचा किस्सा कुणी टाकला नाही अजून? मोठ्या बॅगा रात्री खोलीबाहेर ठेवायच्या, ते नेतात, सकाळी बंदरावर आपण ताब्यात घ्यायच्या. आमचे मेव्हणे अतिशय शिस्तीचे. सगळं भरलं. सगळं म्हणजे सगळं. सकाळी अंगावर चट्टेरी पायजमा आणि खोलीतल्या कापडी सपाता. तशात इमिग्रेशनच्या रांगेत उभे, चेहऱ्यावर असा भाव की बाकीचेच विचित्र कपडे घालून आलेत.

चष्मेवाली
हाहाहा, फोटो?

टिवल्याबावल्या
बहिणीने डिलीट करायला लावला. माझ्याकडे आहे, पण संसार टिकवायचाय.

जुनाजाणता
जरा गंभीर लिहितो. आमच्यात एक काका प्रत्येक गोष्टीला "हे कशाला?" म्हणणारे. मस्टर ड्रिलला, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याच्या सरावाला, यायलाच तयार नव्हते. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आदळली, ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात चढल्यापासून २४ तासांची मुभा होती. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच घ्यावी लागते. हे ऐकल्यावर काका सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहिले.
गटाने जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. खोल्या लांब लांब असतील तर मस्टर स्टेशनं वेगळी येतात. भोंगा वाजला की जो तो आपापल्या स्टेशनवर, एकमेकांना शोधत जिने चढायचे नाहीत, हे घरीच बोलून घ्या. लहान मुलांच्या मनगटाला स्टेशनचा पट्टा बांधतात, तो आंघोळीलाही काढू देऊ नका.

उनाड पाऊस
आमच्याकडे आजोबांचं प्रेम उतू गेलं. सगळ्या नातवंडांची जहाजावरची कार्डं आपल्या खात्याला जोडायला लावली. जहाजावर रोख चालत नाही, कार्ड दाखवलं की झालं, त्यामुळे मुलांना ते पैसे वाटतच नाहीत. व्हिडिओ गेम, सरबतं, फोटो... त्यात माणशी रोजची टिप आपोआप लागते, ती वेगळीच. शेवटच्या सकाळी बिल आलं, आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. गेस्ट सर्व्हिसेसला सांगून मुलांच्या कार्डावर मर्यादा घालून घेता येते, हे आम्हाला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं. जहाजातून उतरताना.

घड्याळजी
बंदरावरचा थरार. मामेभाऊ आणि वहिनी स्वतःची टॅक्सी करून गावात गेले. जहाजाचं घड्याळ आणि त्या गावचं घड्याळ यांत तासाचा फरक. आम्ही सगळे वर डेकवर कठड्याला चिकटलेलो. शेवटी धक्क्याच्या टोकाला दोन ठिपके धावताना दिसले. वहिनी पुढे, भाऊ मागे, त्याच्या हातात वहिनीच्या चपला! अख्खा डेक टाळ्या पिटत होता, अनोळखी लोक नावं विचारून ओरडायला लागले. शिडी उचलता उचलता चढले.
जहाजाच्या सहलीने गेलात तर उशीर झाला तरी तुमची जबाबदारी त्यांची. स्वतः गेलात तर जहाज कुणाचं नाही. भाऊ अजून म्हणतो, वहिनीच दुकानातून निघत नव्हती. वहिनी काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

रिमझिम
थोडं अवांतर. आम्ही व्हेनिस व्हेनिस करत निघालो आणि जहाज लागलं त्रिएस्तेला. तिथून बसने. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरून, जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. एजंटाच्या पत्रकात व्हेनिस ठळक, त्रिएस्ते मुंगीच्या पावलाएवढं.

जुनाजाणता
चांगलंच झालं की. त्या घरांच्या डोक्यावरून जाणारे ते तरंगते डोंगर बघवत नव्हते.

रिमझिम
हो, पटतंय. पण बस चार तास उभी होती त्याचं काय?

सायली७
मोठं होईल, माफ करा. बाबा गेल्यानंतर आईला घेऊन आम्ही भावंडं मुलाबाळांसकट गेलो होतो. आई चाकाच्या खुर्चीवर. जहाजावर काही त्रास नाही, रुंद दारं, उतार, सगळं छान. पण सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, खोल पाण्यात थांबतात आणि छोट्या बोटींनी उतरायचं असतं. त्या दिवशी लाटा होत्या, खुर्ची बोटीत घ्यायला त्यांनी नकार दिला. मग आमची चर्चा सुरू, आईजवळ कोण थांबणार. आळीपाळीने थांबू, मी थांबते, नाही मी. आई ऐकत होती. म्हणाली, "तुम्ही सगळे जा. चार दिवसांत मला एक मिनिट एकटीला मिळालेलं नाही." आम्ही परत आलो तेव्हा ती रिकाम्या पोहण्याच्या तलावाकाठी आइस्क्रीम खात एका ऑस्ट्रेलियन आजींशी गप्पा मारत बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यानंतर रोज संध्याकाळी ती "मैत्रीण वाट बघत असेल" म्हणून आम्हाला कटवायची.

आळशी मांजर
सायली, वाचून रडू आणि हसू एकदम आलं गं. आईंना नमस्कार.

निवांत
सायलीताई, भारी आहेत आई.

उनाड पाऊस
कुणी अलास्काला गेलंय का? सिअ‍ॅटलहून. त्यात कॅनडातलं व्हिक्टोरिया कशाला घुसडलंय, तेही रात्रीचं?

जुनाजाणता
अमेरिकेचा १८८६ चा कायदा. परदेशात नोंदलेल्या जहाजाने अमेरिकेतलेच प्रवासी उचलून मध्ये परदेशी बंदर न घेता अमेरिकेतच सोडायचे नाहीत. म्हणून कॅनडाला हजेरी लावून येतात. ग्लेशिअर बे, म्हणजे तिथली हिमनद्यांची खाडी, असेल यादीत तर तेच जहाज घ्या. दिवसाला जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजं सोडतात तिथे, रेंजर वर चढून माहिती सांगतात. बर्फाचा कडा कोसळतो तेव्हा आधी दिसतं, मग आवाज येतो. आमचे काका म्हणाले, "हे मात्र कशाला विचारणार नाही."

लगबग
मी अजून गेले नाही, पुढच्या महिन्यात निघतोय, मोठा गट. इस्त्री नेऊ का?

चष्मेवाली
नको गं, चढतानाच काढून घेतील. आगीची भीती. सर्जवाली एक्स्टेंशन कॉर्डही नको. आणि जेवायला जाताना सगळ्यांना साबणाने हात धुवायला लाव, नोरोव्हायरसला (उलट्या-जुलाबांचा विषाणू) हाताला लावायचं जेल पुरत नाही.

घड्याळजी
लोहचुंबक ने. खोलीच्या भिंती पोलादी असतात. दारावर चिठ्ठ्या लावता येतात, "आम्ही तलावावर", "आम्ही झोपलोय, वाजवू नका" वगैरे.

लगबग
वा! हुकवाले चुंबक चालतील का, ओले पोहायचे कपडे टांगायला?

टिवल्याबावल्या
चालतील. फक्त दारावर लटकवू नकोस, खोल्या सगळ्या सारख्या दिसतात, पण त्या चड्डीवरून अख्खा मजला तुम्हाला ओळखेल.