एका रेघेचं कोडं: नियम कळला की खेळ संपला?

रेघोट्या:
बोट न उचलता आणि एकाही रेघेवरून दोनदा न जाता आकृती पूर्ण करायची, असला खेळ दोन महिने रोज झोपताना खेळत होतो. तीनशेच्या वर लेव्हल झाल्या होत्या. परवा भाच्याने डोकावून पाहिलं. म्हणाला, "मामा, प्रत्येक ठिपक्याला किती रेघा मिळतात ते मोज. विषम रेघांचे ठिपके दोन असतील तर त्यातल्याच एकापासून सुरू कर. एकही नसेल तर कुठूनही चालेल." झालं! पुढच्या साठ लेव्हल एकदाही न अडकता सुटल्या आणि मी ॲप काढून टाकलं. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३६ मध्येच कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं हे गणित निकालात काढलंय. तिथे चारही भूभागांना विषम पूल, म्हणून प्रत्येक पूल एकदाच ओलांडायचा फेरफटका अशक्य. मग आपण अजून काचेवर बोट का घासतोय? मी तर म्हणतो, याला कोडं म्हणूच नये.

कोरी पाटी:
सुरुवात कुठून करायची ते कळलं, म्हणजे काम फत्ते झालं असं नाही. शाळेत वहीच्या मागच्या पानावर काढायचो ते पाकीट आठवा: चौकोन, आत फुली, वर त्रिकोण. खालच्या दोन कोपऱ्यांना तीन-तीन रेघा, म्हणून सुरुवात तिथूनच. डाव्या कोपऱ्यातून निघालात तर एकूण ५४ वाटा निघतात. ४४ पूर्ण होतात, १० मध्येच अडकतात. तेव्हा "एकदाही न अडकता" हे जरा जास्तच झालं राव.

रेघोट्या:
बरं, दोन-तीनदा अडकलो! पण ४४ विरुद्ध १० हे माझ्याच बाजूचं झालं की. शिवाय त्यालाही नियम आहे. जी रेघ पुसली तर उरलेल्या आकृतीचे दोन तुकडे पडतील, तिच्यावर दुसरा मार्ग असेपर्यंत जायचं नाही. आता काय उरलं?

ठिपका:
तुम्हाला नियम भाच्याने सांगितला, खरं दुखणं ते आहे. मला तो शंभरेक लेव्हल डोकं आपटल्यावर स्वतःहून दिसला. ऑयलर कोण ते तेव्हा माहीतही नव्हतं. अर्ध्या रात्री उठून बसले होते. ती मजा तुमच्या हातून गेली, त्यात खेळाचा काय दोष?

आळशी कासव:
सगळे गणितात शिरलात. मी दिवसभर आकड्यांत असते, रात्री मला हुशारी नकोय. बोटामागून रेघ सरकत येते ते बघायला बरं वाटतं, बस. माझी तक्रार वेगळीच आहे. एक तर छोट्या स्क्रीनवर आपल्याच बोटाखाली पुढचा ठिपका झाकला जातो. दुसरं म्हणजे हिंट हवी तर तीस सेकंद जाहिरात बघा. आपण अडकलो की त्यांची कमाई, मग लेव्हल सरळ कशाला ठेवतील?

कोरी पाटी:
जाहिरातींचं शंभर टक्के मान्य. पण @रेघोट्या, तुम्ही खेळच चुकीचा निवडलात. चौकटीतलं प्रत्येक घर एकदाच घेत एका रेघेत सगळी भरायची, तो खेळून बघा. तिथे ठिपके मोजून काही होत नाही. फार तर घरं बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी रंगवा. ५ × ५ मध्ये कोपरे काळे धरले तर काळी १३, पांढरी १२. शेजारच्या घराचा रंग दर वेळी बदलतो, म्हणून पांढऱ्यापासून निघालात तर कधीच पुरं होणार नाही. पण हे झालं सुरुवातीपुरतं, पुढची वाट शोधावीच लागते. मधली घरं गाळलेल्या मोठ्या चौकटींसाठी झटपट चालणारी सरसकट रीत संगणकवाल्यांनाही अजून सापडलेली नाही.

रेघोट्या:
काल रात्री घेतलं ते. अकराव्या लेव्हलला दीड तास अडकलोय. काळं-पांढरं करून झालं. भाच्याला विचारणार नाही.

आळशी कासव:
हिंट घ्या की. तीसच सेकंद.