माकूल वाढले, संपले की सरकले? सोलापुरातला एक वाद

कडक भाकरी :
गेल्या रविवारी होटगी रस्त्यावरच्या एका खाणावळीत माकुलाचे, म्हणजे स्क्विडचे, सुके खात असताना शेजारच्या मेजावरची कुरकुर कानावर आली, की समुद्र तापल्यामुळे माकूल संपत चालले आहे. ही समजूत निराधार आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात १९५३ ते २०१३ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या आणि माकूल, कटलफिश, ऑक्टोपस अशा ३५ प्रकारांची संख्या एकंदरीत वाढतच गेल्याचे दिसले. हे प्राणी झपाट्याने वाढतात आणि बदलत्या पाण्याशी लवकर जुळवून घेतात. त्यामुळे ‘माकूल मिळत नाही’ ही किनाऱ्यावरची ओरड मला तरी भाव चढवण्याची युक्ती वाटते. खवय्यांनी निश्चिंत असावे.

भीमातीर :
आपले हे टिपण वाचून दोन दिवस गप्प बसण्याचा प्रयत्न केला, पण तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला ‘निश्चिंत असावे’ हे शब्द पचत नाहीत.

तो अभ्यास खरा आहे. मात्र जगाची बेरीज वाढली म्हणून आपल्या किनाऱ्यावरचा वाटा वाढला असे होत नाही. बहुतेक माकुलांचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे असते आणि प्रजनन झाले की ती मरतात. पुढच्या वर्षासाठी मागे उरणारी मोठी पिढी त्यांच्यात नसते. सोलापूरकराला समजेल अशा भाषेत सांगायचे तर माकूल म्हणजे आंब्याची बाग नव्हे, ती रब्बीची ज्वारी आहे. त्या वर्षी ओल असेल तर कणीस भरते आणि नसेल तर कडबासुद्धा हाती लागत नाही.

१९९७-९८ च्या एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापले त्या काळात, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे नेहमीचे बाजारी माकूल जवळजवळ नाहीसे झाले. तळातून वर येणारे थंड, सकस पाणी थांबले, त्यासरशी त्यांचे खाद्य आटले. पुढे पाणी गार झाल्यावर दोनच वर्षांत तिथे विक्रमी माकूल आले. त्याच एल निनोत दक्षिणेकडचे प्रचंड हम्बोल्ट माकूल उत्तरेला कॅलिफोर्नियापर्यंत चढले आणि २००४ च्या सुमारास तर ते अलास्काच्या पाण्यात दिसले. कॅलिफोर्नियातल्या कोळ्याने १९९८ साली ‘माकूल संपले’ म्हटले असते तर ते चूक ठरले असते आणि अलास्कातल्याने ‘माकूल वाढले’ म्हटले असते तर तेही चूकच ठरले असते. माकूल पाण्याबरोबर सरकते, एवढेच यातून नक्की म्हणता येते.

विजापूर वेस :
समुद्र येथून शेकडो किलोमीटरवर आहे आणि दोन विद्वान सोलापुरात बसून त्याचे तापमान मोजत आहेत, हे दृश्य मनोरंजक आहे. आपल्या ताटात येते ती उजनीची चिलापी. तिने धरणातले गावठी मासे कसे हटवले यावर कोणी चार ओळी लिहिल्या असत्या, तर काही उपयोग झाला असता. माकुलाचे काय ते कोकणातली माणसे पाहतील.

भीमातीर :
महोदय, २०२३ हे एल निनोचे वर्ष होते. त्या पावसाळ्यात उजनी भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेले, तेव्हा आपल्या नळाला किती दिवसांआड पाणी येत होते ते आठवून पाहावे. पेरूच्या किनाऱ्यासमोर माकूल हलवणारा प्रशांत महासागर आणि माळशिरसचा पाऊस लांबवणारा प्रशांत महासागर हे दोन निराळे नाहीत.

देवगडची माहेरवाशीण :
कडक भाकरी यांना एक प्रश्न आहे. ‘भाव चढवण्याची युक्ती’ हे शब्द त्यांनी कोणाच्या अंगणात उभे राहून लिहिले? माझे वडील रापणीला जात असत. पहाटे जाळे ओढले की माशांत अडकून माकुलाच्या अंड्यांच्या शेंगा येत. त्या बोटभर लांबीच्या, पांढुरक्या आणि बुळबुळीत असत आणि एकाच ठिकाणी मुळीच्या जुडीसारख्या चिकटलेल्या असत. वडील त्या हातांनी सोडवून पुन्हा पाण्यात टाकायला लावत. आता भाऊ सांगतो की कित्येक हंगामांत अशी जुडी त्याच्या नजरेस पडलेली नाही.

याचे कारण मला तापमानात शोधावे लागत नाही. रात्री क्षितिजावर एलईडीच्या दिव्यांची रांग लागते आणि समुद्रात जणू गड्ड्याची जत्रा भरते. माकूल उजेडाकडे धावते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये या दिव्यांवर बंदी घातली, तरी दिवे अजून पेटतातच. परराज्यांतल्या मोठ्या बोटी एका रात्रीत जेवढे उचलतात, तेवढे आमच्या वाडीला महिन्यात मिळत नाही. एल निनो चार-पाच वर्षांनी येतो, दिवे मात्र रोज रात्री येतात.

कडक भाकरी :
ताई, आपला राग समजतो. मात्र दिव्यांनी जर इतके माकूल पकडले जात असेल, तर समुद्रात माकूल भरपूर आहे हेच त्यातून सिद्ध होत नाही का?

देवगडची माहेरवाशीण :
पतपेढी लुटणाऱ्याच्या पिशवीत नोटा दिसल्या म्हणून पतपेढी श्रीमंत होत नाही. आपल्याशी बोलणे म्हणजे खडकावर पाणी ओतणे आहे.

बर्फपेटी :
मी आठवड्यातून दोनदा मासळीच्या पेट्या उतरवून घेणारा माणूस आहे, तेव्हा ‘युक्ती’चा हिशेब मीच सांगतो. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रात क्यार वादळ आले आणि त्यामागोमाग महा आले. पावसाळी बंदीनंतरच्या ऐन हंगामात बोटी बंदरात बांधून पडल्या. त्या काळात माझ्याकडे माकुलाची एकही पेटी आली नाही, आणि गिऱ्हाईक मात्र माझ्याच तोंडावर मला साठेबाज म्हणून गेले. पाण्यात माकूल असेलही, पण ते आणायला बोट बाहेर पडली पाहिजे, याचा विचार या चर्चेत कोणीच करत नाही. शिवाय चांगला माल परदेशी जातो आणि सोलापूरला उरलासुरला येतो, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

दिव्यांविषयी ताईंचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. उथळ पाण्यातले आपले माकूल दिवसा तळाशी बसते आणि रात्री वर पांगते, म्हणून ट्रॉलरवाले त्याला दिवसाच ओढतात. त्या तळ खरवडणाऱ्या जाळ्याला दिवा लागत नाही आणि आपल्याकडचे बरेचसे माकूल त्याच जाळ्यात येते. अंड्यांच्या जुड्याही तळालाच असतात.

देवगडची माहेरवाशीण :
म्हणजे दिवे निर्दोष ठरले. वा!

बर्फपेटी :
तसे मी म्हटलेले नाही. दोषी एकच नाही, एवढेच म्हटले.

भीमातीर :
बर्फपेटी यांनी तळाचा उल्लेख केला, तोच खरा धागा आहे आणि दिव्यांच्या भांडणात तो हरवू नये. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचे पाणी वर सरकते, ते केरळ-कर्नाटकाकडे विशेष. ते सकस असते, पण त्यात प्राणवायू फार कमी असतो. अरबी समुद्रात साधारण दोनशे ते हजार मीटर खोलीवर जगातला एक मोठा प्राणवायूहीन थर आहे. माकुलाचे रक्त तांब्यावर चालते, म्हणून ते निळसर असते, आणि तापलेल्या किंवा आम्लतेकडे झुकलेल्या पाण्यात ते प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही. वरून ऊन पाणी आणि खालून गुदमरवणारे पाणी आले की किनाऱ्याजवळच्या माकुलाला मधल्या पट्ट्यात दाटीवाटीने राहावे लागते. अशा वेळी एका जाळ्यात भरपूर माकूल सापडते आणि पाहणाऱ्याला ते वाढल्यासारखे वाटते.

जपानचे उदाहरण कडक भाकरी यांनी जरूर पाहावे. तेथे उडत्या माकुलाची पकड १९९६ मध्ये चार लाख टनांहून अधिक होती, आणि अलीकडच्या काही वर्षांत तिचा दहावा हिस्साही हाती आलेला नाही. तेथेही हाच वाद चालू आहे. एक बाजू अंडी घालण्याच्या जागी पाणी तापले म्हणते आणि दुसरी बाजू शेजारी देशांच्या बोटींकडे बोट दाखवते. माझ्या मते पाणी बिघडलेल्या वर्षी नेहमीइतकेच ओढले की पुढच्या वर्षाचे बी उरत नाही. म्हणून दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि ताईंचा मुद्दा मी टाळत होतो, हेही मान्य करतो.

देवगडची माहेरवाशीण :
तीस वर्षे शिकवल्यानंतर का होईना, मान्य केलेत. आभारी आहे.

कडक भाकरी :
ठीक आहे. ‘युक्ती’ हा शब्द मी मागे घेतो. मात्र जगाच्या बेरजेविषयीचा माझा मुद्दा कोणी खोडलेला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

भीमातीर :
खोडायचा नव्हताच. २००९-१० च्या एल निनोनंतर मेक्सिकोकडच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातले हम्बोल्ट माकूल एकाएकी लहान झाले आणि सहाएक महिन्यांतच वयात येऊ लागले. नगांनी मोजले तर ते टिकून होते, पण धंदा बसला. बर्फपेटी, आपण एक उपकार करावा. पेटी उघडली की दहा माकुलांची फक्त नळी, म्हणजे धड, मोजावी, सोंडा नकोत.

बर्फपेटी :
शिंप्याच्या टेपने आज सकाळी मोजली. सर्वांत मोठे सात इंच भरले आणि सर्वांत लहान सव्वातीन. धाकट्याचे डोके ओढून काढले, आतले प्लास्टिकसारखे पारदर्शक पाते उपसले आणि जांभळी साल सोलली. आत पाहतो तर ते अंड्यांनी ठासून भरलेले होते. एवढे लहान माकूल गाभोळीचे असल्याचे मी याआधी कधी पाहिल्याचे आठवत नाही. भीमातीर सर, हे मेक्सिकोवाणीच झाले म्हणायचे काय?

विजापूर वेस :
एका पेटीवरून काही ठरत नाही, असा या पानावरचा एकूण सूर होता असे मला वाटते.

भीमातीर :
तो सूर माझाच होता. बर्फपेटी, गुरुवारची पेटीही मोजावी.