आरव्ही-७ची टाकी: रात्रीत फुगा बसला, गळतीच समजू का?

चिकटहात (डेटन, ओहायो)
नमस्कार मंडळी. गॅरेजात व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-७ हे छोटं विमान बांधतोय. याच्या इंधनाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेतच असतात, प्रत्येकी २१ गॅलन. पंखाचा पत्रा हीच टाकी, त्यामुळे प्रत्येक रिव्हेटला आणि सांध्याला प्रोसील, म्हणजे गळती रोखणारा लुकणासारखा लेप, लावायचं. दहा भाग लेपाला एक भाग हार्डनर असं वजनाने मिसळायचं (स्वयंपाकघरातला काटा केव्हाच जप्त केलाय). वास सडक्या अंड्यांचा, आणि चिकटपणा असा की फणसाचा चीक परवडला.

गळती तपासायला डावी टाकी हवा भरून बंद केली आणि व्हेंटला (हवा जायच्या नळीला) फुगा लावला. रात्री टम्म, सकाळी पार लुळा. साबणाचं पाणी फिरवलं तर मागच्या भिंतीच्या आतल्या टोकाला एका रिव्हेटपाशी बारीक बुडबुडे, मिनिटाला चार-दोन. एवढ्याने अख्खा फुगा बसतो? एक जण म्हणतो, आत स्लॉश (भोकं बुजवणारा पातळ लेप) ओत आणि टाकी घोळव, सगळी भोकं बुजतील. करू का?

जुना ओझरकर
स्लॉश अजिबात नको. पूर्वी लोक वापरायचे, पुढे त्याचे पापुद्रे सुटून इंधनाच्या जाळीत अडकायला लागले. टाकी पाझरली तर बाहेर डाग दिसतो. जाळी तुंबली तर इंजिनच बंद.

फुग्यावर फार विसंबू नका. तुमच्या टाकीत ८० लिटर हवा. रात्री ती ५ अंशांनी गार झाली की जवळपास दीड लिटर आकसते. छोट्या फुग्यात असते किती? त्याऐवजी पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून ती टाकीला यू आकारात लावा आणि बाजूला थर्मामीटर ठेवा. दोन पातळ्यांत २८ इंच फरक म्हणजे १ पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड दाब), त्याच्या वर जायचं नाही. कॉम्प्रेसर तर लावूच नका. १ पीएसआय म्हणजे दर चौरस फुटाला १४४ पौंड, पत्रा फुगेल.

बुडबुडे मात्र खरे आहेत. ते तापमानाने येत नाहीत.

नऊवाली
आतलं टोक ना? मग नशीबवान आहात. सेंडरची (इंधनाची पातळी मोजणाऱ्या भागाची) झाकणप्लेट काढा, पहिल्या कप्प्यात हात जातो. तिथलं प्रोसील नखाने उचकून बघा. सालीसारखं सुटलं तर ते मुळात चिकटलंच नव्हतं. माझी गळती मधल्या कप्प्यात होती, हात पोचेना. मग टाकीत अगदी हलका निर्वात धरून बाहेरून रिव्हेटवर लॉकटाइट २९० हा पातळ गोंद सोडला, तो आत ओढला गेला. बारीक पाझराला चालतो, फटीला नाही.

चिकटहात
सुटलं हो ताई. अख्खी पट्टी, सोललेल्या केळ्यासारखी.

आता कबुली देतो. आई इथे आलीये. माझे काळे हात बघून म्हणाली, आधी खोबरेल चोळ, म्हणजे चिकटणार नाही. चोळलं. वर हातमोजे होते, पण मध्ये एक फाटला आणि मी तसाच काम करत राहिलो.

जुना ओझरकर
अहो, तेल लागलेल्या पत्र्याला काय चिकटणार! सगळं खरवडा, स्कॉचब्राइटने (खरखरीत घासणीने) घासा, एमईके या सॉल्व्हंटने पुसा. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. दारं उघडी ठेवा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

चिकटहात
केलं काका. नवं प्रोसील भरलंय, आठवडाभर सुकू देतो. नळीसाठी हळदीचं पाणी केलंय. आईचं म्हणणं, फणसाला तरी तिचा उपाय कधी चुकला नाही.