ट्रेलर ओढताना ॲव्हरेज आणि गिअरबॉक्स: तुमचे अनुभव सांगा

राहण्याचा ट्रेलर गाडीमागे लागला की ॲव्हरेज निम्म्यावर येतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यातलं किती वजनामुळे जातं, किती वाऱ्यामुळे, आणि गिअर बदलून त्यातलं काही वाचतं का, यावर मात्र दोन माणसांचं एकमत होत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात आमच्यापासून करते. साडेतीन लिटरचा टर्बो पेट्रोल पिकअप, दहा गिअरचा ऑटोमॅटिक, मागे सामानासकट सुमारे 2,700 किलोचा ट्रेलर. मोकळी गाडी हायवेला लिटरला नऊच्या आसपास देते. ट्रेलर लागला की चार ते साडेचार.

लिहिताना गाडी, गिअरबॉक्स, ट्रेलरचं भरलेलं वजन आणि वेग एवढं नक्की सांगा. वेग न सांगता दिलेल्या ॲव्हरेजला काही अर्थ नसतो. आकडा टाकी फुल्ल ते फुल्ल काढलेला असेल तर उत्तम. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा बहुतेक गाड्यांमध्ये जरा खूश करणारा असतो.

*

वजनावर फार चर्चा होते म्हणून हे आधी सांगतो. माझ्याकडे एकाच पिकअपला दोन ट्रेलर लागतात. एक सामान वाहायचा, सपाट, कंबरेएवढ्या उंचीचा. दुसरा राहायचा, गाडीच्या टपापेक्षाही हातभर उंच. सपाट ट्रेलरवर लाकूड भरलं की दोन्हींचं वजन जवळपास सारखंच होतं. तरी सपाट रस्त्यावर 95 च्या वेगाने लाकडाचा ट्रेलर ओढताना लिटरला साडेसहा मिळतात, आणि राहायचा ओढताना पाचसुद्धा नाही.

कारण सरळ आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. 105 वरून 90 वर आलात की विरोध एक चतुर्थांशाहून जास्त कमी होतो. समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर 90 च्या वेगाला गाडीला 120 ची हवा लागते, म्हणजे विरोध पावणेदोन पटीच्या वर. एखाद्या दिवशी ॲव्हरेज कोसळतं आणि माणूस पंपावरच्या पेट्रोलला शिव्या देतो, तेव्हा बहुतेक वेळा वारा समोरून असतो. मी आता निघायच्या आधी पावसाचा अंदाज बघत नाही, वाऱ्याचा बघतो.

सारांश, वजन चढावर आणि थांबत-थांबत चालताना भारी पडतं. सपाट हायवेवर ट्रेलरचं तोंड किती मोठं आहे यालाच महत्त्व.

*

वेगाचा विषय निघालाच आहे तर ट्रेलरच्या टायरची बाजू तपासून घ्या. टायरवर 'एसटी' लिहिलेलं असेल तर तो खास ट्रेलरचा टायर. जुन्या एसटी टायरची मर्यादा ताशी 65 मैल, म्हणजे साधारण 105 किलोमीटर धरलेली असे. नवे काही त्याहून जास्त वेगाचे येतात, पण ते टायरवर छापलेलं असतं, गृहीत धरायचं नाही. हवा छापील दाबापर्यंत ठेवली तर ॲव्हरेजलाही थोडा हातभार लागतो. बाकी माझा ट्रेलर हलका, त्यामुळे सांगण्यासारखं एवढंच.

*

माझी गाडी जुनी. व्ही-आठ (आठ सिलिंडरचं) पेट्रोल, चार गिअरचा ऑटोमॅटिक, ट्रेलर 2,000 किलोचा. गिअरचे रेशो (चाकांकडे जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं) 3.06, 1.63, 1.00 आणि 0.70. ज्यांनी आठ-दहा गिअरच्याच गाड्या चालवल्या आहेत त्यांनी हे आकडे नीट बघावेत. तिसरा सरळ एकास एक, चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह (इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं), आणि दोघांच्या मध्ये काहीच नाही.

'डी' मध्ये ठेवून सोडून दिलं की व्हायचं असं: जरा चढ आला की गाडी चौथ्यावरून तिसऱ्यात, चढ संपला की परत चौथ्यात, पुढच्या उंचवट्याला पुन्हा तिसऱ्यात. दर वेळी टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचं) लॉकअप सुटतं. लॉकअप असताना इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट धरलेले असतात. ते सुटलं की मधलं तेल घुसळत ताकद पुढे जाते आणि घुसळण्यात गेलेली ताकद उष्णता होऊन तेलातच राहते. मी गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा मीटर वेगळा बसवून घेतला आहे. 'डी' मध्ये सोडल्यावर चढ-उताराच्या रस्त्यावर काटा 115 अंशांवर जायचा. तोच रस्ता, तसंच ऊन, दांडा तिसऱ्यात ठेवला तर 95 च्या आसपास.

आता ॲव्हरेज. लोक घाबरतात की तिसऱ्यात इंजिन ओरडतं म्हणजे पेट्रोल जास्त जाणार. माझ्या वहीत ट्रेलरसकट 'डी' आणि तिसरा यांच्यात लिटरमागे पाव किलोमीटरचाही फरक दिसत नाही. वाऱ्याच्या झुळकीने याहून जास्त फरक पडतो. त्यामुळे माझं मत पक्कं आहे: ट्रेलर ओढताना गिअर पेट्रोल वाचवायला निवडायचा नसतो, गिअरबॉक्स वाचवायला निवडायचा असतो. पेट्रोल उजव्या पायाने वाचवा.

*

वरच्या मताशी सत्तर टक्के सहमत. मी डिझेलवाला: 6.7 लिटर, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, ट्रेलर 4,500 किलोच्या आसपास. 100 च्या वेगाला लिटरला पाच ते साडेपाच, 90 ला सहापर्यंत.

फरक असा की डिझेलला कमी आरपीएमवरच भरपूर टॉर्क (फिरवायचा जोर) असतो, त्यामुळे सपाटीवर ओव्हरड्राइव्ह सहज धरून राहतो आणि लॉकअप सुटत नाही. मग त्याला मुद्दाम खालच्या गिअरमध्ये ठेवण्यात हशील नाही, तिथे खरंच डिझेल वाया जातं. म्हणजे नियम "ओव्हरड्राइव्ह नको" असा नसून "जो गिअर न बदलता धरून राहील तो" असा आहे. गिअर सारखा बदलायला लागला की एक खाली घ्यायचा.

उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिननेच गाडी रोखणारा) ही डिझेलची खरी कमाई. लांब घाट उतरून खाली आलो तरी ब्रेकच्या ड्रमला हात लावता येतो. जाताजाता, अवजड पिकअपमध्ये मॅन्युअल हवा असेल तर अमेरिकेत नवीन मिळणार नाही. रॅम या पिकअप कंपनीने 2018 च्या मॉडेलनंतर तो बंद केला, आणि शेवटी शेवटी मॅन्युअलला त्याच इंजिनाचा टॉर्क ऑटोमॅटिकपेक्षा बराच कमी करून देत होते.

*

मॅन्युअलचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्याकडे दोन लिटरची डिझेल इस्टेट (मागे लांब डिकीची कार), सहा गिअरचा मॅन्युअल, मागे 1,400 किलोचा कॅरव्हॅन. युरोपात ही अगदी नेहमीची जोडी. मोकळी गाडी लिटरला अठरा, कॅरव्हॅन लागला की दहा-साडेदहा. पिकअपवाल्यांचे आकडे वाचून मला घाम फुटतो!

हायवेला मॅन्युअलची काही तक्रार नाही. सहावा सपाटीला, चढ दिसला की चढाच्या आधीच पाचवा. इंजिन कण्हायला लागेपर्यंत थांबायचं नाही. कमी आरपीएमवर जोर लावला की धक्के ड्युअल मास फ्लायव्हीलला (इंजिन आणि क्लचमधल्या, धक्के शोषणाऱ्या जड चाकाला) बसतात, आणि तो बदलायचा खर्च क्लचच्या खर्चाहून जास्त.

खरी परीक्षा कॅम्पच्या जागेत शिरताना. चढावर, वळण घेत, इंच-इंच रिव्हर्स. रिव्हर्स गिअर इतका 'उंच' असतो की क्लच पूर्ण सोडला तर गाडी हवी त्यापेक्षा जोरात मागे जाते, म्हणून अर्ध्या क्लचवर खेळत राहावं लागतं, आणि मग तो वास. आम्ही आता शेवटचे काही मीटर कॅरव्हॅन सोडवून त्याच्या स्वतःच्या मोटर मूव्हरने (चाकं फिरवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरने) सरकवतो. ऑटोमॅटिकचा हेवा मला फक्त त्या दहा मिनिटांत वाटतो.

वेगाबद्दल एक भर. जर्मनीत ट्रेलरसह सर्वसाधारण मर्यादा 80 आहे, आणि ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या जोडीला हायवेवर 100 ची परवानगी मिळते. आमच्याकडे ती परवानगी आहे. तरी घाई नसेल तेव्हा आम्ही ट्रकांच्या मागोमाग, सुरक्षित अंतर ठेवून, 85 ने जातो आणि टाकी दिसण्याइतकी जास्त पुरते.

*

ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (आत दोन क्लच असलेला, ते गाडी स्वतः चालवते) असलेल्यांसाठी: वरच्या ताईंनी लिहिलेली रिव्हर्सची अडचण तुम्हालाही आहे, फक्त क्लच तुमच्या पायाखाली नसल्यामुळे कळत नाही. आतला क्लच कोरडा असेल तर रांगताना लवकर तापतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. माझ्या गाडीला आला होता. थांबलो, थंड होऊ दिली, निघालो. तेव्हापासून गर्दीत रांगत नाही. पुढे मोकळी जागा पडू देतो आणि मग एकदम पुढे घेतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

*

(धागाकर्ती) छान चाललंय. आमच्या दहा गिअरबद्दल थोडं. या गिअरबॉक्समध्ये सातवा गिअर एकास एक आहे. आठ, नऊ, दहा हे तिन्ही ओव्हरड्राइव्ह, दहाव्याचा रेशो 0.64 च्या जवळ. झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये तसा सहावा एकास एक असतो. म्हणजे "ओव्हरड्राइव्ह बंद करा" हा जुना सल्ला इथे जशाच्या तसा लागू करायचा तर तीन गिअर बंद करावे लागतील, आणि त्याची गरज पडत नाही. आम्ही टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग) चालू करतो आणि फक्त नऊ-दहा बंद ठेवतो. टो मोडमध्ये गिअर उशिरा वर जातो, चढावर धरून राहतो आणि उतारावर ब्रेकला पाय लावला की आपणहून खाली येतो. गिअरांमधलं अंतर कमी असल्याने बदल झाला तरी आरपीएम दोन-तीनशेनेच हलतो.

टर्बोबद्दलची ऐकीव गोष्ट मात्र आमच्याबाबत खरी निघाली. मोकळी असताना ही गाडी दिरांच्या मोठ्या व्ही-आठपेक्षा बरंच जास्त ॲव्हरेज देते. ट्रेलर जोडला की दोघी सारख्याच. टर्बो जोरात फिरायला लागला की इंजिन थंड ठेवण्यासाठी मिश्रणात पेट्रोल वाढवलं जातं. ताकद छोट्या इंजिनातून काढा की मोठ्या, तिची किंमत मोजावीच लागते.

*

हवेचाच विरोध सगळं काही ठरवतो असं वाचून राहवलं नाही. मी डोंगराळ भागातला, तर चढाचा हिशोब मांडतो.

पिकअप आणि ट्रेलर मिळून 5,000 किलो धरा आणि 900 मीटर उंची चढा. फक्त एवढं वजन वर उचलायला सुमारे 44 मेगाज्यूल लागतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातले तीस टक्क्यांच्या आतबाहेरच चाकांकडे पोचवतं. म्हणजे जवळपास पाच लिटर निव्वळ उचलण्यात. हवा, टायर वगैरे वेगळं.

900 मीटर हा आकडा मनाने घेतलेला नाही. अमेरिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता ठरवायची एसएई जे2807 ही पद्धत आहे. तिच्यातली चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम घाटावर बेतलेली आहे: साधारण 18 किलोमीटरमध्ये 900 मीटरहून थोडी जास्त चढण, कडक ऊन, एसी पूर्ण चालू, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी 40 मैलांच्या, म्हणजे 64 किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. टोयोटाने 2011 मध्ये ती सगळ्यात आधी लागू केली. त्याआधी जो तो आपापल्या पद्धतीने आकडे छापत होता.

उंचीवर आणखी एक गोष्ट होते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास ताकद गमावतं. खाली पाचव्यात चढणारी गाडी वर चौथा मागते. तिला तो द्यावा, पाय दाबून भांडू नये.

उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे अजूनही भेटतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर लागलेला असताना पाय काढला की इंधन पूर्ण तोडलं जातं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जातच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि मागून ट्रेलर ढकलत असताना इंजिनचा ब्रेकही हातचा जातो.

*

ॲक्सल रेशोबद्दल (गिअरबॉक्सनंतर, चाकांजवळच्या शेवटच्या गिअरचा रेशो) कोणीतरी लिहाल का? नवा पिकअप घेतोय, 3.55 आणि 3.92 यांत अडकलोय. गिअरबॉक्स आठचा.

*

> 3.55 की 3.92

3.92 ला त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला आरपीएम सुमारे दहा टक्के जास्त. चार गिअरच्या काळात हा निर्णय फार महत्त्वाचा होता, कारण मधली फट भरायला दुसरं काही नव्हतं. आठमध्ये एक गिअर खाली घेतला की तेच साध्य होतं. तुमचा ट्रेलर कंपनीच्या 3.55 च्या मर्यादेत आरामात बसत असेल आणि वर्षातले बहुतेक दिवस गाडी मोकळी फिरत असेल, तर 3.55 घ्या. मर्यादेच्या जवळ असेल तर 3.92. गिअरबॉक्सचा ऑइल कूलर मात्र दोन्हींत घ्या. कूलर टो पॅकेजमध्येच (ट्रेलर ओढण्यासाठीच्या जोडसामानात) मिळतो की वेगळा मागावा लागतो, ते आधी विचारा.

*

सीव्हीटीवाली (ठरावीक गिअर नसलेला, रेशो सलग बदलणारा ऑटोमॅटिक) छोटी एसयूव्ही, ट्रेलर 600 किलोचा, छोटासा थेंबाच्या आकाराचा. लिटरला नऊ, 85 च्या वेगाला. गिअर नाहीतच, त्यामुळे बदलायचा प्रश्न नाही. पण लांब चढावर आरपीएम वर जाऊन तिथेच बसतो, आणि तेल तापलं की गाडी स्वतःच ताकद कमी करते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेली ओढण्याची मर्यादा याबाबतीत फार गंभीरपणे घ्यायची. एकाच मॉडेलची वेगळ्या गिअरबॉक्सची मर्यादा दुप्पटही असू शकते.

*

इलेक्ट्रिकवाल्यांनी लिहायचं का इथे? गिअरबॉक्स नाही, लॉकअप नाही, उतारावर वीज परत मिळते. चढावर गाडी इतकी शांतपणे चढते की ट्रेलर मागे आहे का, हे आरशात बघावं लागतं. पण रेंज जवळपास निम्मी. वर हवेबद्दल लिहिलंय ते आम्हाला सगळ्यात जास्त लागू पडतं, कारण पेट्रोलवाल्याची टाकी पाच मिनिटांत भरते आणि आमची तशी भरत नाही. शिवाय बहुतेक चार्जर गाडी नाकाने आत घालायच्या जागेत असतात, त्यामुळे ट्रेलर बाजूला सोडवून ठेवायचा, चार्ज करायचं, परत जोडायचा. आरपार जाता येईल असे चार्जर कुठे आहेत ते बघूनच आम्ही मार्ग ठरवतो, आणि दोन चार्जरमधलं अंतर जास्त वाटलं तर 80 ने जातो.