वाचनालयानं पुस्तकांशिवाय तुम्हाला काय दिलं?

बाळीवेस
आज सकाळी लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पुठ्ठा सुटला म्हणून मैद्याची खळ शिजवायला घेतली. वास आला आणि मी थेट १९८८ च्या मे महिन्यात.

वडील दुसऱ्या पाळीला जाताना मला सोलापुरात पेठेतल्या वाचनालयात सोडायचे, कारण आमच्या घराला पत्रा आणि बाहेर पारा त्रेचाळीसला. तिथं मागच्या खोलीत बाइंडर काका बसायचे. वाचून डोळे दमले की मी त्यांच्याजवळ. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, जुळवायचे कसे, दाभणानं भोकं पाडून शिवायचं कसं, कण्याला कापड किती ओढून लावायचं, सगळं त्यांनी शिकवलं. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे. त्यानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय लिमलेटची गोळी मिळायची नाही. अशा दोन सुट्ट्या गेल्या. पुढं मिल बंद पडली तेव्हा माझी बारावीची फी वह्या-पुस्तकं बांधूनच भरली.

काका आता नाहीत. तुम्हाला असं काय काय मिळालं तिथं? लिहा की. लांबलचक लिहा.

शेंगाचटणी
मोरचूद!! आजीपण टाकायची खळीत. आता मिळतं का ओ कुठं?

द्राक्षवाला_बार्शी रोड
कुठल्याही कृषी सेवा केंद्रात. आम्हाला द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला लागतंच, मोरचूद आणि चुना. पण विषारी आहे ताई, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. आणि चमचा घरातला वापरू नका.

सोनाली जुळे सोलापूर
मला पंखा मिळाला. खरंच सांगते. घरी सहा माणसं, दोन खोल्या, टीव्ही सतत चालू. अभ्यासिकेत माझी खिडकीजवळची खुर्ची ठरलेली, माठातलं गार पाणी आणि रात्री नऊपर्यंत कुणी हाक मारणार नाही. लिपिक मॅडम दिवे बंद करायच्या आधी विचारायच्या, घरी सोडायला कोण येणार आहे. भाऊ आल्याशिवाय त्या कुलूप लावायच्या नाहीत. दुसऱ्या प्रयत्नात भरती झाले.

बाळीवेस
सोनाली, वाचून डोळे भरून आले. त्या मॅडमना कळवलं का?

सोनाली जुळे सोलापूर
वर्दीतच गेले होते दादा पेढे घेऊन 😊

पूर्वभाग
आमची भाषा तेलुगू, शाळा मराठी. तातय्यांशी, म्हणजे आजोबांशी, तेलुगूत बोलायचो पण अक्षर एक येत नव्हतं. मुक्तद्वार विभागात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू पेपर एकाच लांब टेबलावर, वर्गणी न भरता कुणीही बसावं. तातय्या रोज मथळ्यावर बोट ठेवून एक अक्षर दाखवायचे. सहा महिन्यांत क्रिकेटची बातमी वाचली. चार भाषांचे म्हातारे एका टेबलावर आणि भांडण फक्त पंख्याखालच्या जागेवरून.

विजापूर वेस
ते टेबल मला आठवतं!! कन्नड पेपरवाले अण्णा आमच्या शेजारचे

पूर्वभाग
टोपीवाले का? ते तातय्यांचे दोस्त

विजापूर वेस
तेच तेच. त्यांचा नातू आता पुण्यात असतो.

ग्रंथालयातली
मी जिल्ह्यातल्या एका ब वर्गाच्या वाचनालयात काम करते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळं आमच्यासारख्या शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा आणि त्याप्रमाणं अनुदान मिळतं. ते वेळेवर येत नाही, पगार किती ते तर विचारूच नका. पण लोकांना माहीतच नसतं म्हणून सांगते, आमच्याकडं काय काय चालतं: बचत गटाला ग्रंथपेटी जाते, दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, संदर्भ विभागात जुन्या पेपरच्या बांधीव फायली आहेत. मागं एक आजोबा आले, त्यांना स्वतःच्या लग्नाच्या दिवशीचा पेपर बघायचा होता. सापडला. मग घरी जाऊन आजींना घेऊन आले, दोघं त्यातल्या सोन्याच्या भावावर अर्धा तास बोलत बसले. कृपा करून या आणि विचारा. आम्हाला शोधून द्यायला आवडतं.

हुरडा
संदर्भ विभागावरून आठवलं. आठवीत १२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर भाषण होतं. मी १९३० च्या इथल्या मार्शल लॉचं पाठ करून आलो होतो, तिथल्या सरांनी विचारलं की १९३० आधी हे गाव कसं होतं ते माहीत आहे का, आणि १८८४ चं सोलापूर गॅझेटियर पुढ्यात ठेवलं. इंग्रजी. चार दिवस माझ्याशेजारी बसून विणकरांवरची पानं मराठीत सांगितली. आमचं घर हातमागाचंच. आमच्या कामावर कुणी इतकं लिहून ठेवलंय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. भाषणात नंबर नाही आला, वेळ संपली 😀

मेघा_हेलसिंकी
मी मूळची सोलापूरच्या सात रस्त्याची. इथलं ओडी ग्रंथालय डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं. तिथं शिलाई मशीन ठेवलीयत, त्रिमितीय प्रिंटर आहेत, गाणं रेकॉर्ड करायला खोल्या आहेत. आई आली होती तेव्हा घेऊन गेले. तिनं सोलापुरात बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. मशीनसमोर बसली, दोरा ओवला, माझ्या पडद्याची कड घालून दिली. शेजारच्या मुलीला बॉबीन भरता येत नव्हती, तिलाही शिकवलं, एक शब्द कळत नसताना. घरी येताना म्हणाली, आपल्याकडं असतं तर कारखान्याबाहेर पण शिकले असते मी काही.

शेंगाचटणी
मेघा, काकूंना नमस्कार सांग गं. अजून शिवतात का?

मेघा_हेलसिंकी
नाही, गुडघे. पण नातीचं झबलं शिवलं.

रेल्वे लाइन्स
माझ्या आत्याची नजर गेली. आयुष्यभर आठवड्याला दोन पुस्तकं वाचणारी बाई गप्प झाली होती. वाचनालयातल्याच एका सभासदानं सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सांगितलं. २०१६ पासून आहे, अंधांसाठी, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी. फोनवर ऐकता येतं. नोंदणीला महिना गेला. आता मी जेवायला बोलावलं की हात वर करते, थांब, प्रकरण संपू दे.

द्राक्षवाला_बार्शी रोड
नोंदणीला कागद काय लागले? आमच्या सरांना पाहिजे, मोतीबिंदू बिघडलाय.

रेल्वे लाइन्स
आमच्याकडून अपंगत्वाचा दाखला मागितला होता. मेसेज करा, सगळं सांगते.

ग्रंथालयातली
बाळीवेस दादा, एक विचारू का. आमच्याकडं बालविभागाची साठ-सत्तर पुस्तकं सुटून पडलीत आणि बाइंडर मिळत नाही.

बाळीवेस
पुठ्ठा आणि कापड तुमच्याकडं आहे का? दाभण आणि दोरा माझा. रविवारी उघडं असतं?

ग्रंथालयातली
सकाळी आठ ते अकरा. खळ मी घरून शिजवून आणते.

बाळीवेस
जरा पातळ ठेवा. लेकीला पण आणतोय.