नवा लॅपटॉप: नको ते सॉफ्टवेअर काढायचं, की विंडोजच नव्याने टाकायची?

कोरी_पाटी (धागाकर्ता)

नवा लॅपटॉप हातात आला की आधी काय करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. कंपनीने भरून दिलेली विंडोज पुसायची आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली कोरी विंडोज टाकायची. अँटीव्हायरसची ट्रायल, गेमचे डेमो, शॉपिंगचे शॉर्टकट, सारखी डोकावणारी 'तुमचा पीसी तपासा' ही खिडकी हे सगळं एकेक करून अनइन्स्टॉल करत बसणं मला पटत नाही. वेळ जातो हे कारण दुय्यम आहे. खरं कारण असं, की अनइन्स्टॉल केलं म्हणजे ते गेलंच, अशी खात्री देता येत नाही.

सुपरफिशचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. २०१४ च्या शेवटी शेवटी विकल्या गेलेल्या लेनोवोच्या बऱ्याच घरगुती लॅपटॉपांत हे जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर आधीपासून होतं. सुरक्षित साइटवरही जाहिरात दाखवता यावी म्हणून ते विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कोणती साइट खरी मानायची हे ज्यावरून ठरतं तो मूळ दाखला) बसवायचं, आणि सगळ्या मशीनवर त्याच्या नावाने सही करणारी खासगी किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये संशोधकांनी ती किल्ली बाहेर काढली. त्यानंतर त्याच वायफायवर बसलेला कोणीही बँकेची खोटी साइट उभी करू शकत होता, आणि ब्राउझरने तिच्यापुढे बिनदिक्कत कुलपाचं चिन्ह दाखवलं असतं. सुपरफिश अनइन्स्टॉल केलं तरी ते सर्टिफिकेट जागेवरच राहायचं. भाडेकरू घर सोडून गेला, पण किल्ली त्याच्याच खिशात, तशातली गत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेलचं ई-डेलरूट नावाचं तसंच रूट सर्टिफिकेट उघडकीला आलं. तिथे तर सर्टिफिकेट हाताने पुसलं तरी डेलच्याच एका सेवेची फाइल ते परत बसवत असे.

पहिल्या दिवशी लॅपटॉपवर आपला एकही फोटो नसतो, एकही कागदपत्र नसतं. फॉरमॅट मारायला याहून स्वस्त दिवस पुन्हा येत नाही.

सावध_हात

पूर्ण असहमत.

तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण अर्धीच सांगितलीत. सुपरफिश उघडकीला आल्यावर काही दिवसांतच विंडोज डिफेंडरने (विंडोजसोबतच येणाऱ्या अँटीव्हायरसने) ते सॉफ्टवेअर आणि ते सर्टिफिकेट, दोन्ही काढायला सुरुवात केली. ई-डेलरूटसाठी डेलने काढून टाकण्याचं साधन दिलं. म्हणजे फॉरमॅट न मारताही उपाय होता, आणि तो सामान्य माणसाला जमण्यासारखा होता.

आता फॉरमॅट मारून काय जातं ते बघा. बॅटरी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय, पंख्याचे मोड, फंक्शनच्या खास बटणांचं काम, स्पीकरचा ध्वनी सुधारणारी सेटिंग, त्या पडद्यासाठी दिलेलं रंगांचं प्रोफाइल. हे सगळं कंपनीच्या विंडोजमध्ये जुळवून आलेलं असतं. कोऱ्या विंडोजमध्ये यातलं काही आपोआप येतं, काही येत नाही. काय आलं नाही हे कळायला महिने लागतात, कारण मशीन 'चालत' असतं. स्पीकर पत्र्यासारखा वाजतो तेव्हा लोक लॅपटॉपला दोष देतात.

शिवाय इंटेलच्या बऱ्याच अलीकडच्या लॅपटॉपांत व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं. विंडोजच्या इन्स्टॉलरला त्याचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजला वापरता यावा यासाठीचं छोटं सॉफ्टवेअर) दिला नाही तर तो सरळ सांगतो की डिस्कच सापडत नाही. पहिल्यांदा लॅपटॉप घेणाऱ्याने ती पाटी बघून काय करायचं?

कोरी_पाटी

तयारी करून बसायचं. पुसण्याआधी चालू विंडोजमधूनच सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात काढून घेता येतात. पीएनपीयूटिल नावाची आज्ञा विंडोजमध्येच असते, तिला एक्सपोर्ट-ड्रायव्हर सांगायचं. ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवायचं. स्टोरेजचा आणि वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून वेगळाही उतरवून घ्यायचा. वायफायचा यासाठी, की विंडोज ११ पहिल्या सेटअपलाच इंटरनेट मागते आणि ड्रायव्हर नसेल तर गाडी तिथेच अडते.

लायसन्सची भीती मात्र कुणी घालू नये. विंडोज ८ पासून कंपन्या लायसन्सची किल्ली फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डच्या चिपवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ठेवतात. इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो, होम आवृत्ती असेल तर होमच टाकतो आणि नेट मिळालं की ॲक्टिव्हेट होतो.

चार्जिंगची मर्यादा, पंख्याचे मोड हे देणारं कंपनीचं अ‍ॅप नंतर हवं तर टाका की. माझं म्हणणं एवढंच, की ते मी निवडून टाकलेलं असावं.

दुरुस्तीचं_टेबल

माझं कामच लॅपटॉप दुरुस्तीचं आहे, म्हणून रोज काय दिसतं ते सांगतो.

सर्वांत जास्त त्रास देते ती अँटीव्हायरसची ट्रायल. दुसरी अँटीव्हायरस बसलेली असली की डिफेंडर बाजूला होतो. ट्रायलची मुदत संपली की ती नव्या धोक्यांची माहिती घेणं थांबवते, नूतनीकरणाच्या खिडक्या मात्र दाखवत राहते. माणूस कंटाळून त्या बंद करतो आणि आपल्याकडे अँटीव्हायरस आहे या समजात राहतो. म्हणून दुसरं काही करा न करा, ही ट्रायल पहिल्याच दिवशी काढा. आधी नेहमीसारखं अनइन्स्टॉल, मग त्याच कंपनीचं खास रिमूव्हल टूल, मग रीस्टार्ट. त्यानंतर विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झालाय हे डोळ्यांनी बघा.

दुसरा त्रास तुम्हा दोघांच्याही वाटेवर नाही, पण तो वाढतोय. इंटरनेटवरून 'डीब्लोट'ची, म्हणजे नको ते एका फटक्यात काढणारी, स्क्रिप्ट उचलायची आणि अ‍ॅडमिन अधिकाराने न वाचता चालवायची. त्यात कुणाचा स्टोअर जातो, कुणाच्या अपडेटच्या सेवा बंद पडतात, आणि पुढच्या मोठ्या अपडेटला मशीन अडकतं. काय बदललं हे मालकाला सांगता येत नाही, म्हणून मलाही नीट उलटवता येत नाही. शेवटी फॉरमॅटच मारावा लागतो, तोही डेटा भरलेल्या मशीनवर. ती वाट कुणी धरू नये, हे मी अगदी कळवळून सांगतो.

निवांत_वाचक

स्क्रिप्टबद्दल +१.

फर्मवेअर_वाला

धागाकर्त्याच्या 'कोरी' या शब्दावर माझा आक्षेप आहे.

विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने एक सोय दिली आहे, डब्ल्यूपीबीटी. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये कंपनी एक प्रोग्रॅम ठेवू शकते आणि विंडोज सुरू होताना तो स्वतःहून उचलून चालवते. डिस्क पुसा, डिस्क बदला, काही फरक पडत नाही, कारण तो डिस्कवर नसतोच. मूळ हेतू चोरीला गेलेला लॅपटॉप शोधणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्या गोष्टींचा होता. २०१५ मध्ये लेनोवोची सर्व्हिस इंजिन नावाची गोष्ट नेमकी या मार्गाने कोऱ्या विंडोजमध्ये शिरताना सापडली. त्यात सुरक्षेचं भोकही निघालं, आणि ती काढायला लेनोवोला नवं बायोस (म्हणजे तेच फर्मवेअर) द्यावं लागलं.

आजही काही मशीनवर कोरी विंडोज टाकून पहिल्यांदा लॉगिन केलं की 'आमचं अ‍ॅप बसवू का?' अशी खिडकी येते. ती बहुतेक वेळा याच वाटेने आलेली असते. काही बायोसमध्ये ते बंद करायचा पर्याय असतो. फॉरमॅट मारणाऱ्याने आधी तिथे जाऊन बघावं.

सावध_हात

नेमकं हेच. आणि मायक्रोसॉफ्टची स्वतःची विंडोज तरी कुठे कोरी असते? स्टार्ट मेन्यूत न मागितलेली अ‍ॅप, विजेटमध्ये बातम्या, सेटिंगमध्ये सबस्क्रिप्शनची आठवण. इतका खटाटोप करून एका कंपनीचा कचरा घालवायचा आणि दुसरीचा ठेवायचा.

कोरी_पाटी

दोन्ही एका मापाने मोजू नका. स्टार्ट मेन्यूतली ती अ‍ॅप स्टोअरची असतात, राइट क्लिक करून जातात, आणि त्यांना फार अधिकार नसतात. लॅपटॉप कंपनीचे अपडेटर आणि 'सहाय्यक' मात्र सिस्टीमच्या सर्वोच्च अधिकाराने, सेवा म्हणून, सतत चालू असतात. तिथलं एक भोक म्हणजे अख्खं मशीन परक्याच्या हातात. २०१६ मध्ये ड्युओ लॅब्जने एसर, आसुस, डेल, एचपी आणि लेनोवो या पाच कंपन्यांचे अपडेटर तपासले. प्रत्येकात किमान एक गंभीर दोष सापडला. २०१८ मध्ये तर हल्लेखोरांनी आसुसच्या लाइव्ह अपडेटमधूनच, कंपनीच्या खऱ्या सहीनिशी, घातक फाइल वाटली. ते मार्च २०१९ मध्ये बाहेर आलं. त्या वापरकर्त्यांनी काहीही चुकीचं उतरवलं नव्हतं. कंपनीने बसवून दिलेल्या अपडेटरने त्याचं काम केलं, एवढंच.

सावध_हात

मग २०२१ चं डेलच्या ड्रायव्हरचं प्रकरणही घ्या. २००९ पासून वापरात असलेल्या ड्रायव्हरमध्ये दोष निघाला. तो ड्रायव्हर यायचा कुठून? बायोस अपडेट करणाऱ्या साधनांतून. म्हणजे तुमच्यासारख्या कोऱ्या विंडोजवाल्याने जबाबदारीने बायोस अपडेट केलं असतं, तर त्याच्याकडेही तो आलाच असता. अपडेटर उडवून टाकणारे आणखी एक गोष्ट करतात, बायोस वर्षानुवर्षं जुनंच ठेवतात. काही मॉडेलना ते विंडोज अपडेटमधून मिळतं, सगळ्यांना नाही. धोका तिथेही आहे, आणि त्याची बातमी होत नाही.

कोरी_पाटी

बायोसचा मुद्दा मान्य. कंपनीच्या साइटवर अधूनमधून जाऊन बघायची शिस्त लागते, आणि ती सगळ्यांना नसते. पण त्यासाठी दिवसरात्र सर्वोच्च अधिकाराने चालणारी सेवा ठेवावी, हे मला अजूनही पटत नाही.

पहिलाच_लॅपटॉप

मी नुकताच लॅपटॉप घेतलाय. पेनड्राइव्ह वगैरे जमेल असं वाटत नाही. सेटिंगमध्ये 'रीसेट धिस पीसी' दिसतं. ते केलं तर कोरी विंडोज मिळते का?

दुरुस्तीचं_टेबल

सहसा नाही, ताई/दादा. कंपनी आपली अ‍ॅप सी ड्राइव्हच्या रिकव्हरी फोल्डरमध्ये बांधून ठेवते, आणि रीसेट करताना ती परत येतात. कधीकधी 'आधीची अ‍ॅप परत टाकायची का' असा प्रश्न अतिरिक्त सेटिंगमध्ये दिसतो, तिथे नाही म्हणा. तो दिसला नाही तर रीसेटने फारसं काही साधणार नाही.

तुम्ही अनइन्स्टॉलचीच वाट धरा. अँटीव्हायरसची ट्रायल आधी, मग गेम आणि शॉपिंगवाले, मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत काय उरलं ते बघा. ज्यांच्या नावात ऑडिओ, ग्राफिक्स, चिपसेट, हॉटकी असं काही आहे त्यांना हात लावू नका.

कोरी_पाटी

यांच्यासाठी दुरुस्तीवाल्यांचा सल्ला मलाही मान्य आहे. फक्त रूट सर्टिफिकेटची यादी एखाद्या जाणकाराकडून एकदा तपासून घ्या.

आणि पुढे कधी फॉरमॅट मारायचं ठरवलंत तर त्याआधी दोन गोष्टी. लॅपटॉपसोबत ऑफिस मिळालं असेल तर ते आत्ताच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर नोंदवून टाका, म्हणजे नंतर त्या खात्यातून परत उतरवता येईल. आणि कंपनीची फॅक्टरी रिकव्हरी एका पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मी स्वतः फॉरमॅटच्या बाजूचा असूनही ती नेहमी काढतो.

सावध_हात

त्यात बिटलॉकरही, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एनक्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, जोडा. बऱ्याच नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क एनक्रिप्ट होते, वेगळं विचारत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून कोऱ्या इन्स्टॉलमध्येही तसंच. बायोसमध्ये काही बदललं, किंवा बायोस अपडेट केलं, की पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आज मोबाइलवरून त्या खात्यात शिरून ती दिसते का ते बघा, आणि कागदावर लिहून ठेवा.

पहिलाच_लॅपटॉप

की सापडली, लिहून घेतली. अँटीव्हायरस काढून रीस्टार्ट केलं, डिफेंडर चालू दिसतोय. स्टार्टअपच्या यादीत 'अपडेट असिस्टंट' अशा नावाचं एक आहे, कंपनीचंच. ते ठेवू की काढू?

सावध_हात

ठेवा.

कोरी_पाटी

काढा, आणि बायोससाठी दर काही महिन्यांनी कंपनीची साइट बघा.

दुरुस्तीचं_टेबल

साइट नियमित बघणं तुमच्याकडून होणार असेल तर काढा. होणार नसेल तर ठेवा, आणि ते स्वतः अद्ययावत आहे ना, एवढं बघत राहा.