सेन्सरलेस बीएलडीसी: सप्लायवर ५ अँप दिसतात, मग १५ अँपचा कम्परेटर का ट्रिप होतो?

कॉइलवाला

मंडळी, जरा डोकं लावा इथे. घरी बनवलेला बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटरचा सेन्सरलेस (रोटर कुठे आहे हे सांगणारा सेन्सर नसलेला) ड्रायव्हर आहे, सिक्स-स्टेप (तीन फेज सहा पायऱ्यांत आलटून पालटून चालवणारा), २४ व्होल्ट, पीडब्ल्यूएम (सप्लाय झटपट चालू-बंद करणं) २० किलोहर्ट्झ. मोटर आउटरनर, ७ पोल पेअर, साधारण १०० आरपीएम प्रति व्होल्ट, दोन फेजमध्ये वायर-मॉसफेट (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) सगळं धरून ०.४ ओहम (१ अँप करंट सोडून व्होल्टेज मोजून काढलंय, मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर विश्वास नाही), इंडक्टन्स १०० मायक्रोहेन्री. वर मोठ्या पात्यांचा पंखा, इनर्शिया अंदाजे ०.००२ किलो-मीटर वर्ग.

स्टार्टअप असा: ३०% ड्यूटीने (प्रत्येक सायकलमधला स्विच ऑन असण्याचा वाटा) अर्धा सेकंद अलाइन (रोटर एका ठरलेल्या जागी ओढून धरणं), मग त्याच ड्यूटीवर १०० मिलिसेकंदात ० ते २४० आरपीएम ओपन लूप रॅम्प (रोटर कुठे आहे ते न बघता वेग वाढवत नेणं), मग झीरो क्रॉसिंगवर (न जोडलेल्या फेजचं व्होल्टेज मध्यबिंदू ओलांडतं तो क्षण बघून चालवणं) हँडओव्हर. नुसता रोटर असेल तर मस्त चालतो. पंखा लावला की अलाइनमध्येच ओव्हरकरंट येतो, तोही कधी येतो कधी नाही, आणि नाही आला तरी मॉसफेट आणि वाइंडिंग दोन्ही चांगलेच तापतात. बेंच सप्लायवर अलाइनच्या वेळी ५.४ अँप दिसतात. डीसी लिंकवर (ड्रायव्हरला सप्लाय देणारी लाइन) ५ मिलिओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रझिस्टर), तिथून १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर, मग कम्परेटर (मर्यादा ओलांडली की ट्रिप करणारा), थ्रेशोल्ड १५ अँप. ५ आणि १५ चा मेळ कसा बसवायचा? नॉइज आहे का हा?

गेटड्रायव्हर

नॉइज नाही, कम्परेटर खरं बोलतोय. सप्लायचा करंट म्हणजे मोटरचा करंट नाही.

इन्व्हर्टर आणि मोटरचं इंडक्टन्स मिळून एक बक कन्व्हर्टरच (व्होल्टेज कमी आणि करंट जास्त करून देणारं सर्किट) असतो. स्विच ऑन असतो तेवढाच वेळ करंट सप्लायच्या बाजूने येतो, ऑफ असताना तोच करंट मोटर आणि मॉसफेटमध्ये गोल फिरत राहतो, सप्लायला त्याचा पत्ताच नसतो, वर बल्क कपॅसिटर पल्स गुळगुळीत करून देतो म्हणून मीटरवर शांत सरासरी दिसते. आता तुमचेच आकडे घ्या, २४ चे ३०% म्हणजे ७.२ व्होल्ट, रोटर थांबलेला म्हणून बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरमध्ये तयार होणारं उलटं व्होल्टेज) शून्य, करंट अडवायला फक्त ते ०.४ ओहम, म्हणजे मोटरमध्ये १८ अँप. १८ चे ३०% काढा, ५.४ येतात, तुमच्या सप्लायवरचा आकडा. पॉवरही जुळते, दोन्हीकडून १३० वॅट, आणि पंखा फिरत नसल्यामुळे ही सगळी नुसती उष्णता. तापणार नाही तर काय!

म्हणून स्टार्टअपला ड्यूटी ठरवू नका, करंट ठरवा. किती टॉर्क पाहिजे त्यावरून अँप, आणि त्या अँपला लागेल ती ड्यूटी. ८ अँपने अलाइन करायचं तर ३.२ व्होल्ट, म्हणजे साधारण १३%. सप्लायवर तेव्हा जेमतेम १ अँप दिसेल, कमी वाटून लगेच वाढवायला जाऊ नका. २४० आरपीएमला बॅक ईएमएफ २.४ व्होल्ट असतो, तिथे तेच ८ अँप ठेवायला ५.६ व्होल्ट लागतील, म्हणजे २३%. रॅम्पमध्ये ड्यूटी १३ वरून २३ वर वेगाच्या प्रमाणात सरकवत न्या, एकच आकडा धरून बसू नका.

शंटमास्तर

वरचं बरोबरच आहे पण "कधी येतो कधी नाही" याचं उत्तर राहिलं, ते तुमच्या फिल्टरमध्ये आहे. १ किलो आणि १० नॅनो म्हणजे १० मायक्रोसेकंद टाइम कॉन्स्टंट, आणि ३०% ला ऑन टाइम फक्त १५ मायक्रोसेकंद. तेवढ्यात फिल्टर खऱ्या व्हॅल्यूच्या ७८ टक्क्यांपर्यंतच चढतो. १८ वर रिपल (पीडब्ल्यूएममुळे करंटचा चढउतार) धरून पीक १९ च्या थोडा पुढे, त्याचे ७८% म्हणजे बरोबर १५ च्या आसपास. अगदी उंबरठ्यावर! वाइंडिंग थोडं तापलं, रझिस्टन्स वाढला की ट्रिप नाही, थंड असलं की ट्रिप.

आणि खरा धोका याच्या उलट बाजूला आहे. १३% वर ऑन टाइम ६.५ मायक्रोसेकंद, तिथे हाच फिल्टर निम्म्याहून कमी दाखवेल. म्हणजे ड्यूटी कमी केली की प्रोटेक्शन आपोआप आंधळं होतं आणि कोणाला कळतही नाही. फिल्टर १०० ओहम आणि २.२ नॅनोफॅरड करा (०.२२ मायक्रोसेकंद), स्विचिंगच्या वेळचा स्पाइक घालवायला कम्परेटरचं ब्लँकिंग (सुरुवातीचा दुर्लक्ष करायचा वेळ) साधारण १ मायक्रोसेकंद ठेवा. शंटला चार वायरचं कनेक्शन, ग्राउंड ट्रॅकवरून सिग्नल घेऊ नका. ५ मिलिओहमवर १० अँप म्हणजे फक्त ५० मिलिव्होल्ट, कम्परेटरचा ऑफसेट ५ मिलिव्होल्ट असला तर तिथेच १ अँप गेला.

सॉफ्टवेअरमधून दर मिलिसेकंदाला करंट वाचून लिमिट करू असा विचार असेल तर सोडून द्या. तुमच्या मोटरचा एल बाय आर (इंडक्टन्स भागिले रझिस्टन्स) २५० मायक्रोसेकंद आहे, काही गडबड होऊन फुल ड्यूटी लागली तर करंट ६० अँपकडे धावतो आणि ३० तर पावणेदोनशे मायक्रोसेकंदात गाठतो. हे काम हार्डवेअरचंच.

कॉइलवाला

हे भारी आहे, आकडा इतका बरोबर बसेल असं वाटलं नव्हतं. फिल्टर बदलला, ८ अँप लावले. ट्रिप बंद, मोटर गार. पण आता पंखा रॅम्पमध्ये मागे पडतो, एक-दोन हिसके देतो आणि तिथल्या तिथे थरथरतो. करंट परत वाढवू का? आणि कंट्रोलर एसटीएम३२ जी४ (मायक्रोकंट्रोलर) आहे, कम्परेटर ब्रेक इनपुटला जोडलाय, ट्रिप झाला की सगळं बंद होतं आणि पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

गेटड्रायव्हर

करंट नको, वेळ वाढवा. १०० आरपीएम प्रति व्होल्टच्या मोटरचा टॉर्क कॉन्स्टंट साधारण ०.०९५ न्यूटन-मीटर प्रति अँप, म्हणजे ८ अँपला जास्तीत जास्त ०.७६. ओपन लूपमध्ये रोटर कुठे आहे माहीत नसतं म्हणून मी यातला निम्माच हिशोबात धरतो, ०.३८. तुमचा रॅम्प ०.१ सेकंदात २५ रेडियन प्रति सेकंद मागतोय, इनर्शियाने गुणलं की ०.५ न्यूटन-मीटर. १८ अँपवर हे खपून जात होतं, ८ वर नाही. रॅम्प ३०० मिलिसेकंद करा, गरज ०.१७ वर येते. जड पात्यांना जोर नाही, धीर लागतो.

ब्रेक इनपुट फक्त खऱ्या आपत्तीसाठी ठेवा. रोजच्या लिमिटला तोच कम्परेटर टायमरच्या ओसीरेफ क्लिअरला जोडा (जी४ मध्ये आतल्या आत जोडता येतो), मग लिमिट लागली की तेवढी पल्स तिथे कापली जाते आणि पुढच्या सायकलला आपोआप परत सुरू. थ्रेशोल्ड डॅकमधून (डिजिटल आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग) द्या, स्टार्टअपला १०, चालू झाल्यावर २०. १५ ठेवलात तर रॅम्पच्या शेवटी रोटर अडकला तरी २३% वर १४ अँपच होतात, कम्परेटर गप्प बसेल आणि मोटर भाजत राहील.

सहापायरी

हँडओव्हरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून घुसतोय. ओपन लूपमध्ये लोड कमी असेल तर ८ अँपमधला बराचसा करंट फुकट जातो, रोटर फील्डच्या जवळजवळ रेषेत येऊन फिरतो, लागेल तेवढाच टॉर्क घेतो. ज्या क्षणी तुम्ही झीरो क्रॉसिंगवर कम्युटेशन (फेज बदलणं) सुरू करता त्या क्षणी फील्ड आणि रोटरमधला अँगल ९० अंशांच्या आसपास येतो, तोच करंट सगळाच्या सगळा टॉर्क बनतो आणि पंखा पुढे उडी मारतो, मग क्रॉसिंग अपेक्षेपेक्षा लवकर, आणि सिंक गेला. रॅम्प संपल्यावर वेग तसाच ठेवून करंट हळूहळू उतरवा. स्कोपवर तरंगत्या (त्या स्टेपला न जोडलेल्या) फेजकडे बघा, सुरुवातीला क्रॉसिंग स्टेपच्या अगदी सुरुवातीला असतं, कधी डीमॅगच्या (फेज बंद झाल्यावर तिच्यात उरलेला करंट ओसरतानाच्या) पल्समध्ये लपलेलंही, करंट उतरला की ते मधे सरकतं. लागोपाठ काही स्टेप मधे दिसलं की सोडा. २४० आरपीएमला तुमची एक स्टेप सुमारे ६ मिलिसेकंदाची आहे, बघायला भरपूर वेळ आहे.

अजून एक, अलाइन एकाच व्हेक्टरवर (कोणत्या फेज जोडल्या त्यावरून ठरणारी फील्डची दिशा) करू नका. रोटर बरोबर उलट्या टोकाला असेल तर टॉर्क शून्य, तो हलतच नाही आणि तुम्हाला वाटतं अलाइन झालं. आधी शेजारचा व्हेक्टर थोडा वेळ, मग खरा.

कॉइलवाला

३०० मिलिसेकंद आणि करंट उतरवणं दोन्ही केलं, थांबलेल्या पंख्यावर आता दर वेळी सुरू होतोय. पण वाऱ्याने पंखा आधीच फिरत असेल तर? सध्या आधी तिन्ही लोअर मॉसफेट ऑन करून ब्रेक लावतोय, कम्परेटर शांत आहे म्हणजे ठीक ना?

शंटमास्तर

शांत असणारच, कारण ब्रेकचा करंट तीन लोअर मॉसफेटमध्येच फिरतो, तुमच्या डीसी लिंक शंटमधून जातच नाही. पंखा ६०० आरपीएमने फिरत असेल तर ६ व्होल्ट भागिले ०.४, म्हणजे १५ अँपच्या घरात, आणि कोणीही बघत नाहीये. प्रत्येक लेगला (फेजला) वेगळा शंट असता तर दिसला असता. या बोर्डवर सगळे मॉसफेट बंद ठेवून आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज वाचा. सरळ दिशेने पुरेसा वेग असेल तर अलाइन-रॅम्प सोडून थेट झीरो क्रॉसिंगवर पकडा, ड्यूटी त्या बॅक ईएमएफच्या किंचित वर ठेवून. उलटा फिरत असेल तर ब्रेक लावा, पण लोअर मॉसफेट सलग ऑन न ठेवता पीडब्ल्यूएमने, ड्यूटी कमी ठेवून, वेग उतरेल तशी वाढवत. फक्त ऑफ टाइममध्ये करंट डायोडमधून बसवर (डीसी लिंकवर) परत जातो, बेंच सप्लाय तो घेत नाही, म्हणून बसच्या व्होल्टेजवर नजर असू द्या.